वांदररोटीचे पांढरे हार

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक घैसास यांनी मला फसवले. मी त्यांना फसवलेले नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण महाडच्या बाजारात आजही दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक आहेत आणि त्यातले निम्मे माझे जुने गिऱ्हाईक आहेत.

प्रश्न पैशाचा नाही. पैशात मला फसवील असा माणूस अजून घाट उतरून आलेला नाही. सरांनी माझी एक वस्तू उचलली. ती वस्तू म्हणजे एक थाप होती. भर मांडवात, उभ्याउभ्या मारलेली अव्वल दर्जाची थाप. ती माझी होती. सरांनी ती माझ्यादेखत पूर्वजांच्या नावावर करून टाकली.

संपादकांनी माझ्याकडे फुलांच्या धंद्यातल्या सुगंधी आठवणी मागितल्या आहेत. त्यांना सांगायला हवे की फुलांच्या धंद्यात सुगंध गिऱ्हाइकाला येतो. आम्हाला ओल्या गोणपाटाचा वास येतो.

धंद्यात मी कशी आले ते सांगत बसत नाही. नवऱ्याची नोकरी गेली आणि घरात सुई होती, एवढे पुरे. पहिले काही दिवस बाजारातल्या जुन्या फुलवाल्यांनी मला बसू दिले नाही. मी उभी राहून विकले. उभ्या बाईचा आवाज लांब जातो हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनीच बसायला फळी आणून दिली.

हाराचे फूल कसे हवे ते बाहेरच्या माणसाला माहीत नसते. त्याला वाटते, सुंदर असले की झाले. सुंदर फूल हाराला काही कामाचे नाही. फुलाचे बूड भक्कम हवे, कारण सुई तिथून जाते. ते सुईने फाटता कामा नये, दोऱ्यावर फिरता कामा नये, आणि पुढाऱ्याचे भाषण संपेपर्यंत मान टाकता कामा नये. यातली शेवटची अट फार कठीण. झेंडू ती पाळतो. शेवंती पाळते. गुलाब अध्यक्षांच्या प्रास्ताविकातच गळून पडतो.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर अंक पुरणार नाही. एका मंडळाचा माणूस रात्रीच्या सभेचा हार सकाळी परत घेऊन आला. म्हणाला, "पाहुणे आलेच नाहीत. हार वापरलेला नाही."

मी म्हटले, "मी कालपासून जेवले नाही. म्हणून कालची भाकरी ताजी होते काय?"

तो हार ठेवून गेला. नंतर मीच तो सोडवून सुटी फुले विकली, ते वेगळे.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसे येतात, त्या दिवसांत मात्र मी घासाघीस करत नाही आणि कोणी माझ्याशी करत नाही. बायका लांबून येतात, पदराच्या गाठीतून पैसे काढतात, हार घेतात आणि तळ्याकडे चालू लागतात. त्या दिवसांत माझा आवाज चढलेला कोणी ऐकला नसेल. बाकीच्या दिवसांची खात्री देत नाही.

आमच्या धंद्याची खरी अडचण तुळशीचे लग्न झाल्यावर सुरू होते. माणसांची लग्ने निघतात आणि नेमका तेव्हाच गावाकडचा झेंडू संपतो. मग घाटावरून ट्रकने माल येतो. तो कोबीच्या गोण्यांखाली दबून येतो आणि इथे पोचेपर्यंत त्यातले झेंडू कुठले आणि कोबी कुठली ते वासावरून ओळखावे लागते. मार्गशीर्षात फुलणारे, पिवळे, टिकाऊ आणि जवळ मिळणारे फूल ज्याच्या हाती लागेल तो महाड-पोलादपूरच्या लग्नांचा राजा होईल, हे मला बसल्या जागी कळत होते. फक्त फूल नव्हते.

ते मला पोलादपूरच्या बाजारात एका बकरीच्या गळ्यात दिसले.

बकरी विकायला आणली होती डोंगरावरच्या धोंडूने. गिऱ्हाइकाला बरी दिसावी म्हणून त्याने तिला नटवले होते. गळ्यात फिकट पिवळ्या गोंड्यांचा हार. एकेक गोंडा बोटाच्या पेराएवढा, पाकळ्या नाहीत, बूड हिरवे आणि मांसल. धोंडू पहाटे डोंगर उतरला होता, आता उन्हे डोक्यावर आली होती, आणि एकाही गोंड्याने मान टाकली नव्हती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बकरीने तो हार खाल्ला नव्हता. बकरीचे तोंड आणि हार यांत वीतभर अंतर नव्हते, तरी नाही.

मी विचारले, "हार केवढ्याला?"

"बकरी इकायची हाय, बाय."

"बकरी नको. हार सांग."

"हार बकरीचा हाय."

"मग बकरीला विचार."

"ती मुकी हाय. तुमी बकरी घ्या, हार तसाच देतो."

"ही हार खात कशी नाही?"

"वांदररोटी हाय ती. खडकात येते. वांदरं पन खात नायत."

"मग रोटी कशाला म्हणता?"

"त्यांची रोटी गो. त्यांनी खावी नायतर टाकावी. आपल्याला काय?"

धोंडू हा माझ्या आयुष्यात भेटलेला एकमेव माणूस, ज्याच्याशी बोलताना माझा मुद्दा मीच विसरत असे. शेवटी हार मिळाला आणि बकरीही गळ्यात पडली. बकरी मी त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन फायद्यात विकली. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

घरी येताना एसटीत डोक्यात किडा शिरला. बकरी खात नाही म्हणजे फूल टिकणार हे खरे. पण बकरी का खात नाही? विषारी तर नसेल? धोंडूने हाराबरोबर त्या झाडाची एक कांडीही दिली होती. जाड, हिरवट, पान नसलेली, थेट कुंपणाच्या शेरासारखी. शेराचा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा व्हायची पाळी येते हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. आता हार घालतात नवरदेवाच्या गळ्यात, आणि नवरदेव दिवसभर हाताने चेहरा पुसत असतो. एक नवरदेव आंधळा झाला की माझा धंदा संपला. म्हणून फुलाची ओळख पटवणे भाग होते. आणि म्हणून घैसास सर.

सर तेव्हा नुकतेच कॉलेजात लागले होते. सडेफटिंग, जाड भिंगाचा चष्मा, आणि चष्म्याला शोभत नाही एवढी मोठी मिशी. रोज संध्याकाळी माझ्या फळीसमोर वाकून पडलेली फुले वेचायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, ही तुम्ही टाकणार ना?"

"विकणार."

"कोणाला?"

"तुम्हाला."

मुलांना शिकवायला त्यांना फाटकीतुटकी फुले लागत. आमची ओळख अशी व्यवहारातून झाली आणि व्यवहारातच राहायला हवी होती.

मी वांदररोटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कांडी मोडून पाहिली. "चीक नाही. म्हणजे शेर नव्हे."

"मग काय?"

"फूल सुकलंय आणि पान नाही. असं सांगता येणार नाही."

"पानं गळलीत. धोंडू म्हणतो, फूल येतं तेव्हा पान नसतं आणि पान असतं तेव्हा फूल नसतं."

"मग दोन्ही वेळेला आणा."

"सर, तुम्ही मुलगी बघायला गेलात तर तिचा बारशाचा फोटो मागाल काय?"

सर हसले नाहीत. ते स्वतःच्या विषयात हसत नसत. त्यांचे म्हणणे असे की सह्याद्रीत अभ्यासाला येणारी मंडळी श्रावण-भाद्रपदात येतात, फुललेले सगळे बघून जातात, आणि त्यानंतर फुलणाऱ्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. तेव्हा हे काम नीट, सावकाश व्हायला हवे. सावकाश हा शब्द त्यांना फार आवडायचा. मला त्या शब्दाने अंगावर काटा येतो.

मी ती कांडी डालड्याच्या डब्यात खोचली आणि डबा फळीवर ठेवला. पावसाळ्यात तिला पाने फुटली. जाड, लांबट, करड्या हिरव्या रंगाची. सर आठवड्याला येऊन त्यांना भिंग लावायचे. एकदा सावित्री नदीचे पाणी बाजारात शिरले, तेव्हा मी पहिल्यांदा तो डबा माळ्यावर टाकला आणि मग गल्ला. नवरा आजही ते बोलून दाखवतो.

भाद्रपद गेला. डोंगरउतार सोनकीने पिवळे होऊन गेले. दसरा गेला, दिवाळी गेली. वांदररोटीने पाने टाकायला सुरुवात केली आणि पुन्हा काठी होऊन बसली. मी तिला रोज शिव्या घालत होते. बाजारातले लोक थांबून ऐकायचे.

सर म्हणायचे, "बाई, ती वर्षानुवर्षं जगणारी आहे. तिला घाई नाही."

"मला आहे."

"काही झाडं उशिरा फुलतात."

"काही माणसं उशिरा ओळखतात."

आणि मार्गशीर्ष लागता लागता त्या काठीच्या शेंड्याला लांब दांडा आला आणि दांड्यावर गोंडे आले. सर कॉलेजातून तासावरून उठून आले. खडूने पांढऱ्या झालेल्या हातांनी त्यांनी एक गोंडा खुडला आणि माझ्याच केसांतला आकडा मागून घेऊन तो उकलला.

तो अर्धा तास मी विसरणार नाही. सरांवर माझा राग आहे, तरी हे कबूल करते. ते म्हणाले, "बाई, हे एक फूल नाही. ही वस्ती आहे. ही प्रत्येक नळी म्हणजे स्वतंत्र फूल. लांबून एक वाटतं. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, तुमच्या बांधावरचा माका, सगळे याच कुळातले."

मी विचारले, "म्हणजे धोंडूकडून मी एक म्हणून घेते आणि ते असतात पन्नास?"

"तसंच म्हणायला हवं."

धंद्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल. शेवंतीच्या कुळातले म्हटल्यावर माझी भीतीही गेली. शेवंती गळ्यात घालून कोणी आंधळा झालेला नाही.

मग मी नळ्यांच्या मधे बोट घातले. आत रेशमासारखे बारीक पांढरे केस दाटीने बसले होते. मी विचारले, "हे केस कसले?"

सरांनी जे उत्तर दिले ते वाचकांनी लक्षात ठेवावे. ते म्हणाले, "ते पुढे कामाला येतात."

एवढेच. पुढे म्हणजे कधी, कामाला म्हणजे कोणाच्या, काही नाही. लगेच ते झाडाचे नाव सांगू लागले. नोटोनिया ग्रँडिफ्लोरा.

मी म्हटले, "सर, माणूस माझ्याकडे हार घ्यायला येतो, खोकल्याचं औषध घ्यायला नाही. आणि वांदररोटीचा हार घालून कोण लग्न करेल? मी याला सोनगोंडा म्हणणार."

"असं नाव कुठे नोंदलेलं नाही."

"आता झालं ना तुमच्यासमोर. ते राहू द्या, ओळख पटवल्याबद्दल काय घ्याल?"

सरांनी चष्मा पुसला. कान लाल झाले. म्हणाले, "माझं लग्न ठरलंय. वाईची मुलगी आहे. याच महिन्यात. दोन हार याच फुलांचे झाले तर..."

सौदा ठरला. सोनगोंड्याचे पहिले हार, पहिल्या जाणकाराच्या लग्नात. मला यात जाहिरात दिसत होती. सरांना काय दिसत होते ते त्यांनाच ठाऊक, पण ते त्या फुलांविषयी बोलताना जसे बोलत तसे मुलीविषयी बोलताना मी त्यांना ऐकले नव्हते.

लग्न पोलादपूरला ठरले. मुलीकडचे वाई सोडायला तयार नव्हते, मुलाकडचे महाड सोडायला. घासाघीस होऊन मधले गाव निघाले. मला तो निकाल पसंत पडला.

आता माझ्या बाजूने झाले ते सांगते. हारासाठी फुले निवडताना फुलवाली पूर्ण उमललेलीच निवडते. कळ्या घालणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. मी धोंडूला बजावले होते, "मिटलेला गोंडा आणलास तर परत डोंगर चढायला लावीन." बिचाऱ्याने कड्यावरून एकूण एक पिकलेले गोंडे शोधून आणले. संध्याकाळी मी हार ओवले. असे हार मी पुन्हा केले नाहीत. जाड, भरदार, लोण्याच्या रंगाचे. केळीच्या पानात गुंडाळून टोपलीत ठेवले आणि सकाळच्या एसटीने धोंडूला बरोबर घेऊन पोलादपूरला निघाले.

मांडवात टोपली सावलीत ठेवायला जागा नव्हती. मांडवामागे आचाऱ्याने भट्ट्या पेटवल्या होत्या, त्यांच्या अलीकडे एक कोपरा रिकामा होता. तिथे ठेवली. टोपलीवर धोंडूला बसवले. म्हणजे टोपलीजवळ. तो टोपलीवर बसला नव्हता, हे मी तेव्हाही सांगितले होते.

वाईची मंडळी आंबेनळी घाट उतरून आली ती सगळी हिरवी होऊन. वळणावळणाला कोणी ना कोणी खिडकीबाहेर मान काढली होती. त्यातल्या त्यात मुलीच्या आत्याबाई ताठ होत्या. आल्या आल्या त्यांनी पाणी कोमट, मांडव ठेंगणा आणि नवरदेव वाळका असल्याचे जाहीर केले. मी मनात म्हटले, या बाईशी एकदा भाजीबाजारात गाठ पडायला हवी.

मंगलाष्टके सुरू झाली. शेवटच्या अष्टकाला मी टोपली उघडली. केळीचे पान बाजूला केले.

आत दोन पांढऱ्या दाढ्या होत्या.

केस पुढे कामाला आले होते. रातोरात, आणि भट्टीच्या धगीने उरलेसुरले, प्रत्येक गोंडा फुटून त्यातून पांढराशुभ्र कापूस बाहेर पडला होता. मुले म्हातारी म्हणून फुंकर मारून उडवतात ना, तीच, पण हजारोंनी. पिवळा रंग औषधालाही उरला नव्हता. मी श्वास घेतला तर त्यातल्या चारदोन नाकात गेल्या.

धोंडू आत डोकावून म्हणाला, "पिकली गो. तुमीच पिकलेली मागितलीव."

पोलादपुरात त्या घडीला दुसरे फूल मिळणे शक्य नव्हते. भटजी "सावधान" म्हणून थांबले होते. अंतरपाट खाली आला. कोणीतरी माझ्या हातातून हार ओढून घेतले आणि नवरीच्या आणि सरांच्या हातात दिले. मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते.

नवरीने हार सरांच्या गळ्यात टाकला आणि तो फुटला. वर पंखा चालू होता. मांडवभर पांढरे उडू लागले. भटजींनी पुढच्या मंत्रासाठी तोंड उघडले होते, ते तसेच मिटून खोकू लागले. सनईवाल्याने दम आत ओढला आणि सनईतून असा आवाज निघाला की आचारी बाहेर धावत आला. सरांच्या मिशीत एवढा कापूस बसला की ते त्यांच्याच आजोबांसारखे दिसू लागले. त्यात त्यांना शिंका सुरू झाल्या, आणि प्रत्येक शिंकेला हारातून नवा लोट उठायचा.

मग आत्याबाईंचा आवाज आला. "थांबवा. लग्नात पांढरा हार? हा काय प्रकार आहे? पोरीच्या डोक्यावर हे काय अभद्र पडतंय? मला ही लक्षणं बरी दिसत नाहीत. दादा, पोरीला घेऊन खाली ये."

नवरीचा बाप खरोखर पुढे सरकला. नवरीचा हार अजून तिच्या हातातच... नाही, चुकले, तिने घातला होता. सरांचा हार अजून सरांच्या हातात होता. अर्धे लग्न झाले होते. सरांनी माझ्याकडे पाहिले. त्या मिशीवर, त्या कापसात, ते डोळे. तो माणूस वर्षभर एका काठीला पाने फुटण्याची वाट बघत बसला होता, आणि त्याचे लग्न माझ्या हारापायी मोडत होते. आणि लग्न मोडले असते तर महाडपासून वाईपर्यंत माझ्या हातचा हार कोणी मेलेल्या बैलालाही घातला नसता.

मी पुढे झाले आणि म्हटले, "आत्याबाई, अभद्र काय बोलता? ही आमच्या सावित्री खोऱ्यातली जुनी रीत आहे."

सगळे माझ्याकडे वळले. फक्त सर शिंकत होते.

"कसली रीत?"

"केस पांढरे होईपर्यंत जोडी टिकावी म्हणून नवरा-नवरीला आधीच पांढरं करतात. जितकं लांब उडेल तितका लांब संसार. हे काय, तुमच्या अंबाड्यावर येऊन बसलंय, म्हणजे माहेरच्यांनाही आयुष्य. झटकू नका. झटकलं तर ते जातं."

आत्याबाईंचा अंबाड्याकडे गेलेला हात हवेतच थांबला. पण बाई कच्ची नव्हती. "इथल्या कोणाच्या लग्नात झालंय असं? सांगा एक नाव."

मी धोंडूकडे पाहिले. "हा डोंगरावरचा माणूस आहे. धोंडू, सांग तुझ्या लग्नातलं."

धोंडू म्हणाला, "माज्या लग्नात बकरं व्हतं."

मी त्याच्या पायावर पाय दिला.

"आनि ह्ये पन व्हतं," धोंडू म्हणाला. "लय उडलं. माजी बायको अजून खोकते."

आत्याबाई वळल्या त्या थेट सरांकडे. "तुम्ही शिकलेले आहात. झाडापानांतलं तुम्हाला कळतं म्हणतात. ही बाई म्हणते ते खरं आहे?"

सरांनी शिंक आवरली. चष्म्यावरून कापूस बाजूला केला. खोटे बोलणे त्यांना येत नव्हते आणि खरे बोलणे परवडत नव्हते. ते म्हणाले, "तशी... नोंद आढळते."

आत्याबाईंनी मान डोलावली. सरांनी नवरीच्या गळ्यात हार घातला. पुन्हा लोट उठला, आणि या वेळी वाईच्या बायका म्हाताऱ्या धरायला हात वर करून पुढे झाल्या. पंगतीत जिलबीवर, वरणात, सगळीकडे पांढरे होते आणि लोक ते प्रसादासारखे खात होते.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

पुढच्या मार्गशीर्षात आत्याबाईंचा निरोप आला की मुलाचे लग्न आहे, पांढरे हार पाठवा, खरे, तुमच्या खोऱ्यातले. मग पोलादपूरची दोन लग्ने झाली, मग महाडची. मी आता त्या फुलाची नाडी ओळखली होती. उमललेला गोंडा घ्यायचा नाही. बूड फुगलेला पण तोंड मिटलेला घ्यायचा, म्हणजे हार पिवळा जातो, आणि मंगलाष्टकांआधी टोपली निखाऱ्याजवळ धरली की बेतात फुटतो. कुठे धरायची, किती वेळ, ते मी कोणाला सांगितले नाही, इथेही सांगत नाही. बाजारातल्या एकाने उशीतला कापूस चिकटवून हार विकायला सुरुवात केली. मी त्याच्या फळीसमोर उभी राहून काय बोलले ते छापण्यासारखे नाही.

दोनचार वर्षांत गंमत अशी झाली की रीत माझ्या हातातून सुटली. तुडील गावचे एक म्हातारे नातीच्या लग्नाचे हार न्यायला आले आणि मलाच शिकवू लागले. "बाय, तुमी चुकीचा बांदताव. आमच्या आज्याच्या टायमाला नवरीनं हार तीनदा झटकायचा, मंग घालायचा."

मी म्हटले, "आजोबा, तुमच्या आज्याच्या वेळेला हे नव्हतं."

"नव्हतं कसं? मी सोता बगितलाय. ह्या डोळ्यांनी."

मी वाद घातला नाही. गिऱ्हाईक होते. आणि खरे सांगायचे तर मला तेव्हा आतून बरे वाटले. माझी थाप इतकी घट्ट विणलेली होती की माणसांच्या आज्यांनाही पुरत होती.

मग सर महाडला व्याख्यानाला आले. मधल्या काळात ते पुण्याला बदलून गेले होते, नाव झाले होते. वाचनालयाच्या सभागृहात पडदा लावून रंगीत चित्रे दाखवणार होते. व्यासपीठाची फुले माझी. मी पहिल्याच रांगेच्या टोकाला बसले. मधोमध सरांच्या पत्नी बसल्या होत्या. चांगली, हसरी बाई. मला पाहून त्यांनी हात जोडले.

पडद्यावर वांदररोटी आली. कड्यावरची, पानांची, फुलांची. सर छान बोलत होते. मग पडद्यावर पांढरा हार आला आणि सर म्हणाले, "सावित्रीच्या खोऱ्यात या वनस्पतीचे हार विवाहात घालण्याची प्रथा आहे. तिचा उगम काळाच्या उदरात लुप्त झालेला आहे."

मी उभी राहिले. "सर, काळाच्या उदरात नाही. पोलादपूरच्या मांडवात. आचाऱ्याच्या भट्टीजवळ. आणि प्रथा माझी आहे."

सभागृह हसले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, प्रश्न शेवटी."

"हा प्रश्न नाही, उत्तर आहे."

मागच्या रांगेतून कोणी उठले असेल? तुडीलचे आजोबा. "बाय, तुमी काल आलाव. आमच्या आज्याच्या टायमापास्नं हाय ह्ये." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गावात, माझ्या फुलांसमोर, माझ्याविरुद्ध.

मी सरांकडे पाहिले. म्हटले, "सर, तुम्ही सांगा. तुम्ही होता तिथे."

सरांनी आधी पत्नीकडे पाहिले. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. पडद्यावरच्या हाराकडे बघत त्या हळूच मान हलवत होत्या, आपल्याच लग्नाकडे बघावे तशा. मग सरांनी माझ्याकडे पाहिले. मांडवात पाहिले होते तसेच, फक्त मिशीत आता कापूस नव्हता, केस खरेच पांढरे व्हायला लागले होते. आणि ते म्हणाले, "लोकपरंपरेत असे वैयक्तिक दावे नेहमीच आढळतात."

पुढचे चित्र आले. कुठल्याशा शेवाळाचे.

मी आता दुकान मुलाच्या हाती दिले आहे. धोंडू गेला. त्याची बायको अजून खोकते. मांडवात त्याच्या पायावर पाय दिला तो जरा जोरात पडला, एवढे मात्र मला अजून वाटते. लग्नात पांढरे हार अजून जातात. परवा दुकानात एक मुलगी माझ्या मुलाला विचारत होती की हार झटकायचे ते तीनदा की पाचदा. मी आतून ओरडले, "एकदाही नाही." तिने मुलाला विचारले, "या कोण?"

घैसास सर, हा अंक तुमच्या घरी पोचेल, पण तुमच्या नावाने नाही. वहिनींच्या नावाने पाठवते आहे. वहिनी, तुमचा संसार चांगला झाला याचा मला आनंद आहे, आणि तो माझ्या थापेने झाला की तुमच्या गुणाने यावर मी भांडत नाही. गुण तुमचाच. पण हार माझा, थाप माझी, आणि हे त्या दिवशी मांडवात तिघांनाच माहीत होते. मला, धोंडूला आणि तुमच्या यजमानांना. त्यातला एक गेला, आणि एकजण काळाच्या उदराचे नाव सांगतो.

तेव्हा सर, वहिनींसमोर बसून दोन गोष्टींची उत्तरे द्या. ते केस कशाच्या कामाला येतात हे वर्षभर भिंग लावून बसलेल्या माणसाने मला नीट का सांगितले नाही? आणि ही रीत कोणाची?

नोंद आढळते म्हणू नका. नोंद आता ही आहे.